कोबोलची चार घरं

एमडी साहेब बंगलोरच्या सेमिनारहून परत आले, त्याच दिवशी एकनाथराव मुखेडकरांनी देवाला नारळ बोलून ठेवला. साहेब लोक सेमिनारला जातात तेव्हा ऑफिसात सुख असतं. ते परत येतात तेव्हा बरोबर काहीतरी घेऊन येतात. मागच्या खेपेला दिल्लीहून त्यांनी 'क्वालिटी सर्कल' आणलं होतं, आणि त्या सर्कलात बसून बसून एकनाथरावांची कंबर धरली होती. या वेळी साहेबांनी 'प्रॉडक्टिव्हिटी' आणली.

एकनाथराव दख्खन बियाणे महामंडळाच्या कम्प्युटर विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे ते स्वतः, एक थंडगार खोली, आणि त्या खोलीत कपाटाएवढं एक मशीन. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, ही शिस्त त्यांनीच घातलेली. त्यामुळे नवे लोक खोलीच्या दाराशी नकळत हात जोडायचे. कुठल्या डेपोला कुठलं बियाणं किती पोती जायचं हे ते मशीन सांगायचं, आणि मशीनने काय सांगायचं हे एकनाथराव त्याला कोबोल नावाच्या भाषेत सांगायचे. कोबोल ही जुनी, सालस आणि ऐसपैस बोलणारी भाषा. थोरल्या जावेसारखी. साधी बेरीज करायची तरी आधी सगळ्यांची ओळख करून देणार, कोण कुठल्या पाटावर बसणार ते ठरवणार, आणि मग सावकाश मुद्द्यावर येणार. एकनाथरावांचा स्वभावही तसाच होता. दोघांचं इतकी वर्षं छान जमलं होतं.

"देशाचे दरवाजे उघडलेत, मिस्टर मुखेडकर," एमडी साहेब म्हणाले. "नवा वारा आत येतोय. आपण अजून कोबोलमध्ये काय करतोय?"

नवा वारा आला की आधी जुने कागद उडतात, हे एकनाथरावांना ठाऊक होतं. ते नुसते "येस सर" म्हणाले.

"खरिपाचं वाटप करायचंय. एकच काम दोन भाषांत करून बघू. जुन्या भाषेत तुम्ही करा. नव्या भाषेसाठी एक प्रायव्हेट फर्म माणूस पाठवतेय. कुठली भाषा किचकट आणि कुठली भाषा कामाला वाघ, ते कमिटी ठरवील. आणि जी भाषा हरेल..."

साहेबांनी वाक्य पुरं केलं नाही. निमसरकारी जगात अपुऱ्या वाक्यासारखी भयंकर गोष्ट दुसरी नाही. त्या उन्हाळ्यात सगळ्या महामंडळांत 'स्वेच्छानिवृत्ती' हा शब्द साथीच्या रोगासारखा फिरत होता, आणि त्यातली स्वेच्छा नेमकी कोणाची असते हे कोणी सांगत नव्हतं. त्याच दमात साहेबांनी आदिलाबादकडचे चार लहान डेपो बंद करून त्यांचा सगळा माल भैंसाच्या एकट्या डेपोवर टाकल्याचंही सांगितलं. यालाही प्रॉडक्टिव्हिटीच म्हणायचं होतं. एकनाथरावांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते अपुऱ्या वाक्याचा शेवट मनात लिहीत होते, आणि कोबोलचा माणूस असल्याने तो सविस्तर लिहीत होते.

हैदराबादेतल्या चिक्कडपल्लीच्या घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ती कशी पोचते हे कोडं कुठल्याही मशीनला सुटलेलं नाही. जिन्यातच शेजारचे मूर्तीगारू उभे होते. ते बँकेतून निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या निवृत्तीवर बारीक लक्ष ठेवून असत.

"एमंडी एकनाथरावगारू," ते आपल्या तेलुगू-मिश्रित हिंदीत म्हणाले, "अपमान होके जाने से पहले मान से जाना. एक एसटीडी बूथ डालो. बैठे-बैठे काम. एसी भी लगा सकते, आपको आदत है ना."

तळमजल्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या हमीदभाईंनी मात्र धीर दिला. "कायको परेशान होते साब? नवी चीज आती, जाती. हमारा ये वाल्व का रेडिओ देखो. बत्तीस साल से बज रा." त्यांनी रेडिओ लावून दाखवला. तो वाजला नाही. हमीदभाईंनी त्याला एक चापट मारली, तरी वाजला नाही. "आज करंट कम है," ते म्हणाले. एकनाथरावांनी तो अपशकुन मानला आणि जिना चढले.

घरात त्यांची पत्नी रजनीताई गौलीगुड्याच्या मराठी शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होत्या. मुलगी दीपाली अमीरपेटच्या एका क्लासात नेमकी ती नवी भाषा शिकत होती. जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "बाबा, टेन्शन नक्को घेऊ. पण कोबोल इज डेड ना, ॲक्च्युअली."

घरात सुतक आल्यासारखं रजनीताईंनी वाढणं थांबवलं. बापाच्या अन्नदात्या भाषेला मेलेली म्हणणं, तेही आमटी वाढत असताना!

"मग मी इतकी वर्षं कोणाशी बोलतोय?" एकनाथरावांनी विचारलं.

"तेच तर सांगतेय. आमच्या नव्या भाषेत एवढं बोलायलाच लागत नाही. खिडकी काढायची, तिच्यावर बटण ठेवायचं, बटणामागं दोन ओळी लिहायच्या. खतम."

दोन ओळी! एकनाथरावांना त्या रात्री झोप आली नाही. कोबोलमध्ये दोन ओळींत तर प्रोग्रॅमचं नावसुद्धा नीट सांगून होत नाही.

शत्रू पाहून घ्यावा, असं ठरवून रविवारी ते दीपालीच्या क्लासात गेले. ऑफिसातलं कोणी बघेल या भीतीने डोक्याला मफलर गुंडाळला होता. मे महिन्यातल्या हैदराबादेत मफलर गुंडाळलेल्या माणसाकडे ऑफिसातलेच काय, रस्त्यातले सगळेच बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. काउंटरवरच्या मुलीने "अंकल, ॲडमिशन सन के लिए?" असं विचारलं. त्यांनी "फक्त बघायला" असं पुटपुटत मशीन गाठलं.

दीपालीने त्यांच्या हातात माऊस दिला. आयुष्यभर त्यांनी कम्प्युटरला शब्दांनी हुकूम केले होते; बोट दाखवून कधी केले नव्हते. बोट दाखवून आपण फार तर भाजी घेतो. त्यांनी माऊस उजवीकडे नेला, टेबल संपलं, तरी बाण अर्ध्यातच. "उचलून ठेव ना बाबा," दीपाली म्हणाली. त्यांनी उचलला आणि चुकून दोनदा दाबला. एक खिडकी उघडली. ती बंद करायला गेले तर दुसरी उघडली. पुढे खिडकीवर खिडकी उघडत गेली, शेवटी शेजारच्या मुलाचं लक्ष जाऊन तो हसला, तेव्हा एकनाथराव सगळं घर तसंच उघडं टाकून पळाले.

आणि दारातच थांबले. समोरून, ओढणीने अर्धा चेहरा झाकून, एक मुलगी आत येत होती. तिला त्यांनी आदल्याच दिवशी एमडींच्या केबिनमध्ये पाहिलं होतं. ती श्रीलता, प्रायव्हेट फर्मने पाठवलेली नव्या भाषेची योद्धी. तिच्या हातात एक जाडजूड पुस्तक होतं, आणि त्यावर मोठ्या अक्षरांत कोबोल लिहिलं होतं.

दोघेही एकमेकांकडे चोरासारखे पाहत राहिले.

"सर, मीरू इक्कडा?" तुम्ही इथे, असं तिने तेलुगूत विचारलं.

"मुलीला न्यायला आलोय," एकनाथराव मफलर सोडत म्हणाले. "आणि तुम्ही?"

"मी... चुलतभावाला." तिने पुस्तक पाठीमागे लपवलं.

घरी येताना बसमध्ये एकनाथरावांची भीती दुप्पट झाली. ही पोरगी आपली भाषाही शिकणार! तिलाही आपलीच भीती वाटत असेल, हा साधा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. घाबरलेल्या माणसाला जगात आपण एकटेच घाबरलेले दिसतो.

दोन्ही प्रोग्रॅम लिहून झाले आणि कमिटी बसली. कमिटीत एमडी साहेब आणि हिशेब, साठा व प्रशासन या खात्यांचे तीन अधिकारी होते. त्यांतल्या एकालाही दोन्ही भाषांतली एकही येत नव्हती, म्हणून निकाल निःपक्षपाती होईल अशी सगळ्यांची खात्री होती. आता प्रॉडक्टिव्हिटी मोजायची कशी, यावर चहाचे दोन फेर झाले. शेवटी साठा अधिकारी म्हणाले, "प्रॉडक्टिव्हिटी म्हणजे उत्पादन. शेतात उत्पादन मोजतो ते पोत्यांत. इथे कागदावर ओळी आहेत. ओळी मोजा."

ओळी मोजल्या. एकनाथरावांचा प्रोग्रॅम उलगडला तो टेबलावरून खाली आला, खुर्च्यांखालून गेला आणि दारापाशी जाऊन थांबला. श्रीलताचा सगळा प्रोग्रॅम दोन पानांत बसला होता.

"एवढंच?" प्रशासन अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून विचारलं. "इतके दिवस काय करत होता तुम्ही, अम्मा?"

श्रीलता सांगायला गेली की सर, थोडक्यात काम होणं हेच तर... पण तिच्या पायांखालीसुद्धा एकनाथरावांच्याच ओळी पसरल्या होत्या. एकनाथरावांना तिची दया आली. पण आपल्याला खरं उत्तर ठाऊक आहे आणि चुकीचं उत्तर आपल्या फायद्याचं आहे, अशा वेळी भित्रा माणूस घसा साफ करतो. एकनाथरावांनी घसा साफ केला.

मग किचकटपणा. एमडी साहेबांनी दोन्ही कागद स्वतः वाचले. कोबोलमध्ये लिहिलं होतं, 'ॲड बॅग्ज टू टोटल.' साहेब म्हणाले, "हे तर मलाही समजतं! बिलकुल किचकट नाही." श्रीलताच्या कागदावर कंस आणि टिंबं होती. साहेबांनी तो कागद उलटा करून पाहिला आणि ठेवून दिला.

उरलं प्रत्यक्ष चालवून बघणं. श्रीलताने बटण दाबलं. पडद्यावर रंगीत खिडकी आली, कमिटी पुढे सरकली, आणि टुंग असा आवाज होऊन मधोमध एक चौकोन उभा राहिला: 'ओव्हरफ्लो.' प्रोग्रॅम जागीच थांबला. बिचारीने बियाण्याच्या पिशव्यांची बेरीज ज्या भांड्यात ठेवायला सांगितली होती ते भांडं लहान पडलं होतं, आणि त्या नव्या भाषेची रीत अशी की भांडं भरून वाहू लागलं की ती काम टाकून बोंब मारते.

एकनाथरावांचं मशीन मात्र घुमलं, प्रिंटर करकरला, आणि दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद शांतपणे बाहेर येत राहिला. बोंब नाही, चौकोन नाही. डेपोमागून डेपो, सरळ रांगेत. कमिटीने टाळ्या वाजवल्या. एमडी साहेबांनी हात मिळवला. "याच कागदावर माल सोडा," ते म्हणाले. "आणि मी आजच सचिवालयात कळवतो. आपण तौलनिक अभ्यास करून स्वदेशी अनुभवाला न्याय दिला."

कोबोल स्वदेशी कधी झाली, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही. चिक्कडपल्लीत पेढे वाटले गेले. मूर्तीगारूंनी दोन घेतले आणि म्हणाले, "फिर भी, एसटीडी बूथ का सोच के रखना."

पुढच्या आठवड्यात फोन आला. भैंसा डेपो सांभाळणाऱ्या उमाजींचा. उमाजी दर वर्षी एकदा तरी फोन करायचे, पण ते चौकशीसाठी. या वेळी त्यांचा आवाज फाटला होता आणि मागे गर्दीचा गलका ऐकू येत होता.

"साहेब, ह्ये काय लावलंय? चार डेपोंचं गिऱ्हाईक माझ्या दारात हुभं हाय, आन् सोयाबीनची पोती आली निस्ती दोन हजार चारशे! बारा हजार चारशे मागितलीवती मी. मिरग तोंडावर आलाय. लोक म्हनत्यात, उमाजीनं पोती खाल्ली. साहेब, सोयाबीनची पोती मानूस खाईल कशाला?"

"बघतो," एकनाथराव म्हणाले. पण बघायची गरजच नव्हती. बारा हजार चारशे आणि दोन हजार चारशे हे दोन आकडे एकामागून एक कानावर पडताच त्यांना कळून चुकलं होतं.

कोबोलला प्रत्येक आकड्यासाठी आधी घरं आखून द्यावी लागतात. एका घरात एक अंक. पोत्यांसाठी एकनाथरावांनी चार घरं आखली होती. कुठल्याच डेपोला कधी दहा हजार पोती लागली नव्हती. पण या वर्षी चार डेपो एकात कोंबलेले. पाच अंकी आकडा चार घरांपुढे आला, तेव्हा कोबोलने काय केलं? उजवीकडून एकेक अंक नीट बसवला, आणि जागा नाही म्हणून सर्वांत पुढच्या, सर्वांत थोरल्या अंकाला मुकाट्याने बाहेर ठेवलं. ना ओरडली, ना थांबली. ती नवी पोरसवदा भाषा चारचौघांत किंचाळून मोकळी झाली होती. ही सालस, घरंदाज भाषा दहा हजार पोती गिळून तोंड पुसून बसली होती.

एकनाथरावांनी त्या खोलीत इतकी वर्षं स्वेटर घालून काम केलं होतं. त्या दिवशी प्रथमच त्यांना तिथे घाम फुटला. त्यांच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं: भैंसातला जमाव, विधानसभेत प्रश्न, वर्तमानपत्रात आपला फोटो, आणि त्याखाली मूर्तीगारूंची प्रतिक्रिया.

घरी त्यांनी जेवण टाळलं. रजनीताईंनी कारण काढून घेतलं आणि शांतपणे ऐकलं.

"म्हणजे हातचा राहिला," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे चौथीतल्या मुलांचा रोज राहतो."

"अगं, त्यांचा हातचा राहिला तर एक गुण जातो. माझा राहिला तर एक तालुका उपाशी!"

"मग उद्या जाऊन साहेबांना सांगा. मूल स्वतः येऊन 'बाई, चुकलं' म्हणालं, तर मी आजवर कोणाला मारलेलं नाही."

"एमडी साहेब काही तुझ्यासारखे शिक्षक नाहीत."

"हौ. पण तुम्हीही चौथीत नाही," रजनीताई म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं.

सकाळी एकनाथराव एमडींच्या केबिनसमोर उभे राहिले. शिपायाने दोनदा पाणी आणून दिलं. अखेर ते आत गेले आणि एका श्वासात सगळं बोलून मोकळे झाले. घरं, अंक, पोती, उमाजी, सगळं.

एमडी साहेबांचा चेहरा बदलला नाही. "स्क्रीनवर एरर आला होता?"

"नाही सर. तीच तर—"

"कमिटीसमोर आला होता?"

"नाही सर."

"मग एरर नाही." साहेब उठून खिडकीशी गेले. "मिस्टर मुखेडकर, मी सचिवालयाला कळवलंय. मंत्रीसाहेबांच्या भाषणात आपला उल्लेख आहे. जी चूक झालीच नाही ती सुधारायची ऑर्डर मी कशी देणार? तुम्ही जा. आणि हे कोणाजवळ बोलू नका."

साहेबांच्या आवाजात धमकी असावी, असं एकनाथरावांना वाटलं. साहेबांच्या हातातला कागद फडफडत होता, तो त्यांना दिसलाही, पण त्यांनी तो दोष पंख्याच्या वाऱ्याला दिला.

आता काय? माल सुटायचा तो मौला अलीच्या गोदामातून. तिथल्या गोदाम अधिकाऱ्याचा एकच दंडक होता: दोन्ही बाजूंना भोकं असलेला छापील कागद आला की माल सोडायचा. हाताने लिहिलेलं देवाचं पत्र आलं तरी नाही. एकनाथराव थंड खोलीत गेले, दार लावलं, चार घरांची सहा केली आणि फक्त भैंसापुरता नवा कागद काढला: 'पुरवणी वाटप, दहा हजार पोती.' सही इतकी बिचकत केली की ती त्यांच्या वडिलांच्या सहीसारखी आली.

रिक्षाने मौला अलीला जाताना प्रत्येक खाकी कपड्यातला माणूस आपल्यासाठीच थांबलाय असं त्यांना वाटत होतं. तार्नाक्याच्या सिग्नलला एका वाहतूक पोलिसाने हात दाखवला, तेव्हा त्यांनी तो कागद सदऱ्यात कोंबला. रिक्षावाला म्हणाला, "सिग्नल है साब. लाल है." गोदामात अधिकाऱ्याने कागदाची भोकं तपासली, उजेडात धरली, समाधानाने मान हलवली. दुपारच्या आत ट्रक भरायला लागले. एकनाथराव तिथल्याच एका पोत्यावर बसले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना भूक लागली.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा उमाजींचा फोन.

"पोचली का पोती?" एकनाथरावांनी उत्साहाने विचारलं.

"पोचली की साहेब. परवा दहा हजार आली. लई उपकार झाले."

"वा, वा."

"काल बी दहा हजार आली."

एकनाथराव खाली बसले.

"आन् आज सकाळधरनं पुन्यांदा ट्रक लागल्यात. साहेब, गोदाम भरलं, देवळाचा मंडप भरला, आता शाळेत ठेवतोय. मास्तर भांडायलाय. आनखी किती येनार हैत, तेवढं सांगा. म्हंजे त्या मानानं भीती बाळगतो."

एकनाथराव धावत खाली गेले ते जिन्यात श्रीलताला धडकले. ती निकालानंतर उरलेले कागद न्यायला आली होती. चेहरा कागदाहून पांढरा.

"सर," ती हळूच म्हणाली, "भैंसाला माल गेला का? सोयाबीन?"

"तुम्हाला कसं माहीत?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "मी घरी जाऊन प्रोग्रॅम सुधारला, सर. मोठं भांडं घेतलं. फक्त एक शब्द बदलायचा होता. मग भैंसाचे बारा हजार चारशे आले. तुमच्या कागदावर दोन हजार चारशे होते. आधी वाटलं, माझंच चुकलं. तुम्ही एवढे अनुभवी. मग वाटलं, आकडे आमच्या फर्मनं टाइप केले होते, उद्या सगळं माझ्याच अंगावर येईल. म्हणून मी..." ती थांबली. "मी भोकांचा कागद छापला, सर, आणि गोदामात नेऊन दिला."

एकनाथरावांनी तिच्याकडे पाहिलं. आपल्याला इतके दिवस जिची धडकी भरली होती ती ही पोर दीपालीहून फार तर दोन वर्षांनी मोठी होती, आणि तिच्या हाताची नखं कुरतडून संपली होती.

"मीसुद्धा," ते म्हणाले. "आणि उमाजी म्हणतात, आज तिसऱ्यांदा ट्रक लागलेत."

"पण सर, हे तर वीस हजार झाले. उरलेले?"

दोघांनी एमडींच्या पीएच्या टेबलावरून गोदामाला फोन लावला. पीए चहाला गेला होता. गोदाम अधिकारी पलीकडून अदबीने म्हणाला, "तिसरा लॉट ना? वो तो खुद बडे साब का फोन आया था. बोले, चुपचाप भेज दो, किसी को बोलना नै. मैं बोला, साब, भोकांचा कागज? तो साब खुद गाडी में लेके आ गए."

रिसीव्हर ठेवून दोघं एमडींच्या बंद केबिनकडे बघत राहिले. आतून साहेबांचा फोनवरचा आवाज येत होता. सचिवालयात ते कुणाला तरी सांगत होते, सगळं अगदी सुरळीत आहे.

आता गंमत अशी झाली की जादा वीस हजार पोती परत मागवायची कोणी? मागवणाऱ्याला सांगावं लागणार की ती पाठवली कोणी, आणि पाठवणाऱ्याला सांगावं लागणार की का. म्हणून तिघंही गप्प बसले. राखीव साठा रिकामा झाला तरी साठा अधिकारीही गप्प बसले, कारण त्यांना वाटलं, ही साहेबांची नवी पॉलिसी. एकनाथराव रोज सकाळी पेपर आधी मागच्या पानापासून उघडत, म्हणजे वाईट बातमीला पोचायला वेळ लागेल.

वाईट बातमी आलीच नाही. भैंसात सोयाबीन ढिगाने पडलंय ही बातमी मात्र पसरली, आणि पलीकडच्या नांदेड जिल्ह्यात बियाण्याची टंचाई होती. धर्माबादहून, भोकरहून लोक बैलगाड्या, टेम्पो घेऊन आले. मंडप रिकामा झाला, शाळा रिकामी झाली, मास्तर भांडायचा थांबला. हंगाम संपला तेव्हा महामंडळाच्या इतिहासात कुठल्याही डेपोने विकलं नव्हतं एवढं बियाणं भैंसाने विकलं होतं. कमिटीच्या अंतिम अहवालात छापून आलं की जुनी भाषा कमी किचकट असून तिच्यामुळे एका डेपोची उत्पादकता मागच्या हंगामाच्या पाच पटींहून अधिक होते. नव्या भाषेबद्दल एक ओळ होती: 'पूरक कामासाठी विचार व्हावा.' ती ओळ कोणी घातली हे एकनाथरावांना ठाऊक होतं. अहवालाचा मसुदा त्यांच्याकडे टाइप करायला आला होता.

दसऱ्यानंतर महामंडळाचा वार्षिक सोहळा झाला. स्टेजवर एमडी साहेब, खाली पहिल्या रांगेत एकनाथराव आणि त्यांच्या शेजारी निमंत्रित म्हणून श्रीलता. मागे रजनीताई, दीपाली, आणि पास नसताना आलेले मूर्तीगारू. सर्वोत्तम डेपोची ढाल घ्यायला उमाजी आले होते. नवं धोतर, फेटा, आणि स्टेजवरच्या दिव्यांनी दिपलेले डोळे. मंत्र्यांच्या प्रतिनिधीने ढाल दिली आणि कौतुकाने माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"सांगा उमाजी, हे यश तुम्ही कसं मिळवलंत?"

उमाजींनी घाम पुसला. त्यांनी स्टेजवर एमडी साहेबांकडे पाहिलं, खाली एकनाथरावांकडे पाहिलं.

"म्या काय केलं न्हाई साहेब," ते म्हणाले. "मला निस्तं भ्या वाटलं, म्हनून म्या ऑफिसला एक फोन केला."

एमडी साहेबांचा हसरा चेहरा होता तसाच गोठला. श्रीलताने एकनाथरावांचं मनगट धरलं. एकनाथरावांनी डोळे मिटून घेतले. उमाजी पुढचं वाक्य जुळवत होते, आणि ते जुळवायला कोबोलइतकाच वेळ घेत होते.

"येवडंच," उमाजी म्हणाले आणि ढाल पोटाशी धरून खाली उतरले.

पहिली टाळी एमडी साहेबांनी वाजवली. दुसरी एकनाथरावांनी. ती इतकी जोरात होती की मूर्तीगारूंनी मागून वाकून विचारलं, "एमंडी, आपके रिश्तेदार हैं क्या?"